पेटीतले सेडी

कोरमान्त्से, २४ फेब्रुवारी १९७९

एकोव,

तुझे मामा गेले. गेल्या रविवारी, दुपारी. जाळं शिवत बसले होते. मी केन्केचे, मक्याच्या पिठाचे गोळे बांधायची केळीची पानं धूत होते. सुई कुठे पडली म्हणून त्यांनी विचारलं, मी म्हटलं, तुमच्याच गुडघ्यावर आहे बघा. त्यावर काही उत्तर आलं नाही. मला वाटलं, सापडली असेल.

बुधवारी मूठमाती दिली. गावच्या कंपनीची, त्यांच्या जुन्या लढाऊ तुकडीची, माणसं ढोल घेऊन आली होती. तू असतास तर डोक्याकडची बाजू तुझ्या हातात असती. ती घराण्याच्या थोरल्यांनी, अबाकाआजोबांनी धरली. पंचाहत्तरीच्या माणसाला ती वाटेत दोनदा खाली टेकवावी लागली ते सगळ्या गावाने पाहिलं आणि तू कुठे आहेस हे कोणीच विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

तुझ्या मामांच्या खोलीला त्याच संध्याकाळी कुलूप लागलं. किल्ली आजोबांच्या कमरेला आहे. तुला रीत माहीत आहे, तरी लिहिते, कारण दोन वर्षं परक्या गावात राहिलेला माणूस काय विसरतो आणि काय नाही हे मला ठाऊक नाही. चाळिसाव्या दिवशी वारस बसेल, मग दार उघडेल. मामाचं भाच्याकडे जातं, आणि थोरल्या बहिणीचा थोरला मुलगा तू. चाळिसावा दिवस २९ मार्चला येतो. आधी आलास तर तुझ्यासमोर आधीही उघडेल. त्या दिवसाआधी तुझ्याशिवाय कोणासमोर नाही.

मी चटईवर बसलेली असते. काळं नेसले आहे, वेगळ्या भांड्यात जेवते, बाजारात जायचं नाही, कोणाच्या हातात हात द्यायचा नाही. लिहायचं नाही असं मात्र कोणी सांगितलेलं नाही, कारण या घराण्यात आजवर लिहिणारी विधवाच झाली नव्हती. अबाकाआजोबांनी माझ्या हातातली पेन्सिल पाहिली, थोडा वेळ विचार केला आणि म्हणाले, ‘‘त्याबद्दल जुन्या लोकांनी काही सांगून ठेवलेलं नाही. लिही.’’

लागोसला मासे घेऊन जाणाऱ्या लॉरीबरोबर हे पत्र पाठवते आहे. ड्रायव्हर म्हणाला, लागोसच्या आगेगे भागात मोटारी दुरुस्त करणारे आपले लोक एकाच आळीत राहतात, सापडेल.

ये.

तुझी मामी,
आरबा


१० मार्च

एकोव,

पहिलं पत्र पोचलं की नाही ते कळलेलं नाही. हे माझ्याबरोबर बाजारात बसणाऱ्या एसी मानसाबरोबर देते आहे. ती आज सीमेवरच्या आफ्लावच्या नाक्यापर्यंत जाणार आहे, पुढचं तिथून बघेल म्हणते.

काल रेडिओवर सांगितलं, सगळ्या नोटा बदलणार. आत्ता हातात आहेत त्या नोटा दोन आठवड्यांनी चालणार नाहीत. बँकेत नेऊन द्यायच्या, दहा सेडी दिले की नवे सात मिळतील. पाच हजारांच्या वर असतील तर दहाला पाचच. देशात पैसा फार झाला आहे, म्हणून तो कमी करायचा आहे, असं रेडिओवाला म्हणाला. एसी मानसा माझ्यासमोर बसून मासे निवडत होती. ती म्हणाली, ‘‘फार झालाय? कोणाकडे? मला पत्ता सांग रेडिओवाल्या, मी चालत जाते.’’ मी या घरात बसल्यापासून पहिल्यांदा हसले आणि मग तोंडावर हात घेतला.

मग ती विचारात पडली आणि हळूच म्हणाली, ‘‘आरबा, तुझ्या नवऱ्याच्या खोलीत काही होतं का गं?’’

मी म्हटलं, मला काय माहीत, नवऱ्याचा पैसा नवऱ्याचा, बायकोचा बायकोचा. तिनेही आपल्यासारखाच संसार केला आहे, तिला ते पटलं.

तुला मात्र खरं लिहिते. खोलीत पलंगाखाली पेटी आहे. पेटीत नोटा आहेत, थोड्याथोडक्या नाहीत. तुझे मामा बँकेची पायरी कधी चढले नाहीत. म्हणायचे, समुद्राने नाव ओढून नेली तर निदान कुठल्या दिशेला गेली ते दिसतं.

बँकांचं काम दोन आठवडे. चाळिसावा दिवस त्याच्याही पुढे, जवळपास आठवडाभर. हे मी बोटांवर तीनदा मोजलं. रेडिओवाल्याने आमच्या घरचं सुतक धरून तारीख ठरवली नव्हती, ते बरोबरच आहे.

तू आलास तर दार आजही उघडेल. एकट्याने ये, हातात काही नसलं तरी चालेल. लॉरीच्या भाड्याचे पैसे मी इथे देईन, केन्के विकून साठवलेले माझे आहेत, ते एसी मानसा बँकेत बदलून आणणार आहे.

मामी


१४ मार्च

एकोव,

मागचं पत्र परत आलं. सीमा बंद केली आहे. बाहेर गेलेल्या नोटा परत आणून कोणी बदलू नयेत म्हणून. एसी मानसा दोन दिवस आफ्लावला अडकून पडली. ती सांगत होती, तारेच्या अलीकडे आपले, पलीकडे आपले, आणि मध्ये शिपाई. लोक पलीकडच्यांना नावं घेऊन हाका मारत होते. हिनेही ‘‘एकोव, कोरमान्त्सेचा एकोव’’ म्हणून ओरडून पाहिलं. तिघांनी ओ दिली. एक जण तर म्हणाला, मी त्या गावचा नाही मावशी, पण तुझ्याकडे काही खायला असेल तर होतो. तिन्ही एकोव आपले नव्हते. तिने तिघांनाही तारेवरून भाजलेला मासा दिला.

तू त्या गर्दीत असशील का? पहिलं पत्र तुला मिळालं असेल तर कदाचित निघाला असशील. मिळालं नसेल तर तुझे मामा तुझ्यासाठी अजून जिवंत आहेत आणि तुझा राग अजून त्यांच्यावर आहे. या दोन्हींतलं काय असावं म्हणून मी देवाकडे मागू, हे मला समजत नाही.

मी काल अबाकाआजोबांना बोलावणं पाठवलं. ते आले, उंबऱ्याबाहेर स्टुलावर बसले. मी म्हटलं, आजोबा, पेटीत पैसा आहे. त्याला मुदत आहे. तुम्ही चार माणसं घ्या, उघडा, मोजा, बदलून आणा, पुन्हा आत ठेवा आणि कुलूप लावा.

त्यांनी कमरेची किल्ली चाचपली. मग म्हणाले, ‘‘पोरी, मी चार माणसं नेली तर चौघांच्या चार बायका. दहाचे सात होऊन आले की गाव म्हणेल, तीन आजोबांनी खाल्ले. मी शंभर वेळा सांगेन की सरकारने खाल्ले. सरकारला कोणी पाहिलंय? मला रोज बघतात.’’

मी म्हटलं, मग मला द्या. ते म्हणाले, ‘‘तुला तर मुळीच नाही. नवऱ्याच्या पैशाला चाळीस दिवसांत हात लावलेल्या बाईचं पुढे काय होतं ते तुला माहीत आहे. लोक म्हणतील, पैशासाठी हिनेच मारलं त्याला.’’

ते चुकीचं बोलत नव्हते. एवढ्या वर्षांत मी त्यांना कोणाचा एक पेसेवा खाताना पाहिलेलं नाही, म्हणून तर किल्ली त्यांच्याकडे आहे. एखादा लबाड म्हातारा असता तर त्याने सोमवारीच पेटी उघडून निम्मे खाऊन निम्मे वाचवले असते.

आता एक गोष्ट लिहिते, ती लिहिणार नाही असं मी तुझ्या मामांना कबूल केलं होतं. ते पैसे मोटारीचे आहेत.

दोन वर्षांपूर्वी तू किनाऱ्यावर सगळ्या खलाशांसमोर मागितलीस ती नावेची मोटार. ते तुला म्हणाले होते, वल्ही मारताना ज्याचे हात दुखतात त्याने मासळी विकावी, धरू नये. आणि तू म्हणालास, ‘‘तुमच्या पेटीतलं मला काही नको. जिवंतपणी नको आणि मेल्यावरही नको.’’ सगळ्या गावासमोर भाच्याने मामाला म्हटलेलं ते वाक्य. दुसऱ्या दिवशी तू गेलास. तिसऱ्या दिवसापासून त्यांनी प्रत्येक खेपेमागे काही बाजूला काढायला सुरुवात केली. तंबाखू सोडली. मी विचारलं, कशासाठी? म्हणाले, त्याच्या मोटारीसाठी. मी म्हटलं, मग कळवा ना त्याला, आजच पत्र लिहिते. म्हणाले, ‘‘मी बोलावणार नाही. तो आपणहून आला की देईन. आधी कळवलंस तर तो मोटारीसाठी येईल.’’

तुम्ही दोघेही एकाच बाईच्या रक्ताचे. तुझी आई तशीच होती. खरूज झाली तरी खाजवायची नाही, कोणी पाहील म्हणून.

मामी


१९ मार्च

एकोव,

हे पत्र कुठे पाठवायचं ते माहीत नाही. आधीच्यावर ठेवते आहे.

अबाकाआजोबा साल्टपाँडला बँकेत जाऊन आले. पेटी न नेता. नुसतं विचारायला. तीन दिवस रांगेत उभे होते, सगळी रांग नोटांच्या पिशव्या घेऊन आणि हे रिकाम्या हातांनी. मागचा माणूस त्यांना म्हणाला म्हणे, आजोबा, तुम्ही काय बदलायला आलात, दात? तिसऱ्या दिवशी खिडकीशी पोचले. कारकुनाला सांगितलं, एका मेलेल्या माणसाचा पैसा आहे, त्याचा वारस अजून बसलेला नाही, तेव्हा दहा दिवस जास्त हवेत. कारकून म्हणाला, त्याचं बँकेत खातं आहे का? नाही. मग मेलेल्या माणसाला थांबता येणार नाही. आजोबा म्हणाले, ‘‘साहेब, या अख्ख्या रांगेत थांबू शकणारा तो एकटाच आहे.’’ लोक हसले. कारकूनही हसला. आणि पुढच्याला बोलावलं.

हे त्यांनी मला स्वतः सांगितलं. सांगताना तेही हसत होते. मग एकदम उठून गेले.

शनिवारी दार उघडलं होतं, तेही लिहायला हवं. तुझ्या मामांकडे कंपनीचा झेंडा असायचा, मगर आणि मासा शिवलेला. पलीकडच्या गावच्या कंपनीचा म्होरक्या वारला, त्याच्यासाठी झेंडा हवा होता. झेंडा कंपनीचा, घराण्याचा नाही, त्यामुळे त्याच्यापुरतं दार उघडायला हरकत नव्हती. झेंडा कुठे घडी करून ठेवला आहे ते मलाच ठाऊक, म्हणून मला आत बोलावलं.

खोलीत त्यांच्या अंगाचा वास होता. डांबर आणि मिठाचा. झेंडा पलंगाच्या डोक्याशी होता, तो मी काढला. पेटी पलंगाखाली होती. तिला कुलूप नाही, जाळ्याच्या दोरीने बांधलेली आहे. मी ती पाहिली. अबाकाआजोबा तिथेच होते, त्यामुळे काही करता येण्यासारखं नव्हतं. मी झेंडा त्यांच्या हातात दिला आणि बाहेर आले.

एसी मानसा म्हणते, एवढी पत्रं लिहिलीस, तेवढ्यात भाच्याचं लग्न लावून झालं असतं.

मामी


२३ मार्च

एकोव,

आज शेवटचा दिवस होता. एसी मानसा माझे केन्केचे बदलून घेऊन आली. नव्या नोटा कोऱ्या आहेत, एकमेकींना चिकटतात. तिने त्या माझ्या चटईवर पसरल्या आणि आम्ही दोघी नवीन कापड बघावं तशा बघत बसलो.

माझ्या आयुष्यात हा पाचवा पैसा. लग्नात तुझ्या मामांनी माझ्या आईला दिले ते इंग्रजांचे शिलिंग होते, ताडाचं झाड असलेले. मग आपले पौंड आले, तारा असलेले. ते हातात घेऊन माझी आई नाचली होती, त्यांनी काय विकत मिळतं ते न बघता. मग पौंड गेले आणि सेडी आला. सेडी म्हणजे कवडी, माझ्या पणजीचा पैसा, तेच नाव पुन्हा. एक सेडी म्हणजे आठ शिलिंग चार पेन्स. तू तेव्हा शाळेत होतास, बाजारातल्या बायका मासे टोपलीत ठेवून तुला हिशोब विचारायला यायच्या आणि तू एका हिशोबाला एक तळलेला मासा घ्यायचास. त्या नोटेवर पुढाऱ्याचा चेहरा होता. शिपायांनी त्याला काढलं, मग तो चेहरा असलेली नोटही काढली, आणि नवा सेडी आणला, दहा शिलिंगांचा, चेहरा नसलेला. लोक म्हणाले, हे बरं, चेहराच नाही तर कोणाला काढणार? आता तो बिनचेहऱ्याचाही काढला.

मी अक्षरं शिकले ती या नोटांवरच. तू पाटीवर गिरवायचास ते मी चुलीपाशी राखेत गिरवायची, पण माझ्याजवळ पुस्तक नव्हतं. दिवसभर हातातून जाणारा छापील कागद एकच. मासे बांधायचं वर्तमानपत्र मी त्याच्या नंतर वाचायला लागले. तेव्हापासून मासे गार होतात आणि गिऱ्हाइकं ओरडतात.

त्यामुळे पैसा मरतो हे मला नवीन नाही. पण आधी प्रत्येक वेळी तो मरायच्या आधी आम्ही त्याला हातात घेऊन नेलं, बदललं, थोडं नुकसान सोसलं. या वेळी तो माझ्यापासून दहा पावलांवर आहे. एक भिंत मध्ये. मी भिंतीला पाठ टेकून बसते ती तीच भिंत. दुपारी बँका बंद व्हायची वेळ झाली तेव्हा मी तशीच बसले होते. काही आवाज झाला नाही. मला उगीच वाटलं होतं की होईल.

मामी


३० मार्च

एकोव,

काल चाळिसावा दिवस झाला. सगळं घराणं जमलं होतं. वारसाचं स्टूल मांडलं आणि त्यावर कोणाला बसवलं नाही. तुझा मावसभाऊ बादू पुढे आला होता, केसांना तेल लावून. अबाकाआजोबा त्याला म्हणाले, ‘‘बस खाली. ज्याचं आहे तो मेलेला नाही, तारेपलीकडे आहे. वर्षश्राद्धापर्यंत स्टूल रिकामं राहील.’’ त्यामुळे तुझं कोणी काही घेतलेलं नाही. एवढं खात्रीने लिहिते.

मग सगळ्यांसमोर दार उघडलं, पेटी अंगणात आणली, आजोबांनी दोरी सोडली. जमलेल्या माणसांनी एकदम श्वास घेतला तो मी आतून ऐकला. कोणाला वाटलं नव्हतं इतकं होतं. मोटार झाली असती. इंधनाचं एक पिंपही झालं असतं. बादूने एक गड्डी उचलली, नाकाशी नेली, म्हणाला, अजून वास पैशाचाच येतोय. कोणी हसलं नाही. एक म्हातारी रडायला लागली. तुझ्या मामांना गाडलं त्या दिवशी ती रडली नव्हती.

आता जे लिहिते आहे त्यासाठी मला आज सकाळपासून तीनदा पेन्सिलीला टोक करावं लागलं.

१९ तारखेच्या पत्रात मी लिहिलं की अबाकाआजोबा तिथेच होते, म्हणून काही करता आलं नाही. ते पत्र फाडून टाकलं असतं तरी तुला कळलं नसतं. फाडलं नाही. ते तिथे होते हे खरं. पण ते दारात जाऊन माझ्याकडे पाठ करून उभे राहिले होते. समुद्राकडे तोंड करून. आणि खोकत होते. आधी थोडं, मग मोठ्याने, मग थांबून पुन्हा. त्यांना खोकला नाही, एकोव. त्या सबंध फेब्रुवारीत, धुळीच्या दिवसांतही मी त्यांना कधी खोकताना ऐकलं नाही.

माझ्या अंगावर काळं कापड होतं, सहा वार. त्याच्याखाली पेटीतलं सगळं मावलं असतं. बाहेर एसी मानसा बसलेली होती, ती सोमवारी सकाळीच रांगेत उभी राहिली असती. मी खाली वाकले. दोरीची गाठ माझ्या ओळखीची होती, त्यांनी बांधलेली सगळी गाठोडी मी आयुष्यभर सोडत आले आहे. मी गाठीवर हात ठेवला.

आणि मग मला दिसलं की हे पैसे सुटले, बदलले, तुला पोचले, तर तू मोटार घेशील. तिकडेच. लागोसला समुद्र आहे, मासे आहेत, मोटारी तर इथल्यापेक्षा स्वस्त आहेत. तू तिथेच आपली नाव पाण्यात घालशील. आणि इकडे का येशील? माझ्याकडे? मामाच्या बायकोकडे कोण येतं? मी तुझ्या घराण्याची नाही. तुला आठव्या वर्षी त्यांनी माझ्या हातात दिलं, माझ्या दोन मुली मातीत गेल्यानंतर. तुला मी न्हाऊ घातलं, भरवलं, तुझ्या पाटीवरून शिकले, पण वर्षश्राद्ध झालं की माझं तुझ्याशी नातं काय ते विचारलं तर आजोबांनाही सांगता येणार नाही. जोवर पेटी बंद आहे तोवर तुला यावंच लागेल. असं मला तेव्हा वाटलं. एवढंच वाटलं. रीत, बोभाटा, सुतक, यांतलं काही त्या वेळी माझ्या मनात नव्हतं. ते मी नंतर घेतलं, अंगावर कापड ओढावं तसं.

मी गाठीवरून हात काढला, झेंडा उचलला आणि म्हटलं, आजोबा, सापडला. त्यांनी वळून आधी माझ्या हातांकडे पाहिलं.

काल सगळे गेल्यावर ते परत आले. काळं उतरवायला अजून वेळ आहे, पण चटईचे दिवस संपलेत, त्यामुळे ते आत येऊन बसले. मी त्यांना पाणी दिलं. ते प्यायले. मग म्हणाले,

‘‘पोरी, माझ्या घशाला अजून बरं नाही. आणखी किती खोकायला हवं होतं मी?’’

मी त्यांच्यापुढचं भांडं उचललं आणि विसळायला घेतलं. त्यांना वाटलं असेल मला समजलंच नव्हतं. तसं वाटून ते थोडे सुखी दिसले. ती लबाडीही मी राहू दिली. तुझ्याशी मात्र नाही.

तुझ्या मामांनीही हेच केलं. मी त्यांना दोन वर्षं दोष दिला की कळवत का नाहीत, पैसा दाबून भाच्याची वाट काय बघता. आणि वेळ आली तेव्हा मी त्याच पेटीवर बसले.

३ एप्रिल

सीमा आज उघडली म्हणतात. एसी मानसा उद्याच्या लॉरीने निघते, या वेळी थेट लागोसपर्यंत. पाचही पत्रं एकत्र बांधली आहेत. वाचताना तारखांच्या क्रमाने वाच.

पेटीचं काय करायचं ते घराण्याने काल ठरवलं. बादू म्हणाला, जाळून टाका. आजोबा म्हणाले, मेलेल्याची वस्तू जाळायची नसते. मग कोणाला द्यायची? कोणालाच नको होती. ज्यावर भांडण होऊ शकत नाही अशी घराण्यातली ती पहिलीच वस्तू. शेवटी आजोबा म्हणाले, बायकोला राहू दे. कोणी हरकत घेतली नाही. काल दोघा खलाशांनी ती उचलून माझ्या खोलीत आणून ठेवली. भिंतीच्या अलीकडे. मी हवी तेव्हा उघडते. कोणी काही म्हणत नाही.

आता मोटार नाही. तू ये असं मी लिहीत नाही, तुला बोलवायला माझ्याकडे काही उरलेलं नाही. येऊ नकोस असंही लिहीत नाही. पत्र वाचून झालं की एसी मानसाला काहीतरी सांग. शिवी दिलीस तरी चालेल. ती विसरभोळी आहे, म्हणून जे सांगशील ते तिच्याकडून दोनदा म्हणवून घे.

मामी